तिसऱ्याला दिलेलं मत कुठं जातं? अमेरिकेची निवडणूक आणि हातकणंगल्याचं गणित

जून 2024 मध्ये हातकणंगले लोकसभेचा निकाल लागला, तेव्हा इचलकरंजीच्या यंत्रमागांपासून शिरोळच्या ऊसपट्ट्यापर्यंत एकच वाद रंगला: राजू शेट्टींनी मतं खाल्ली की नाही? शिवसेनेचे धैर्यशील माने 5,20,190 मतं घेऊन निवडून आले. ठाकरे गटाचे सत्यजित पाटील सरूडकर 5,06,764 वर थांबले. फरक 13,426 चा. आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या शेट्टींना पडली 1,79,850 मतं. सरूडकरांच्या महाविकास आघाडीच्या लोकांचं म्हणणं, शेट्टी उभे नसते तर गुलाल आमचाच होता. शेट्टींच्या स्वाभिमानी पक्षाच्या कार्यकर्त्यांचं म्हणणं, ती मतं तुमची होतीच कधी?

त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. कोल्हापुरातल्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी आता न्यू जर्सीत नाहीतर टेक्सासमध्ये असतं, त्यामुळे रिपब्लिकन डोनाल्ड ट्रम्प आणि डेमोक्रॅट कमला हॅरिस यांच्यावर इथंही तावातावानं बोललं गेलं. तिकडेही तोच वाद होता. ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन हॅरिस यांची मतं खाणार का? रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी ऑगस्टमध्ये माघार घेऊन ट्रम्प यांना पाठिंबा दिला, त्यांची मतं कुणीकडे वळणार?

अशा चर्चा बहुतेक वेळा उमेदवारांच्या स्वभावावर अडतात. कोण खोटं बोलतो, कोण थकला, कुणाची भाषा सभ्य नाही. तेही बघायलाच हवं. पण मतदाराची खरी पंचाईत दुसरीकडेच असते: आवडतो तो निवडून येत नाही, आणि निवडून येऊ शकतो तो मनाला पटत नाही. अशा वेळी काय करायचं, हे मतं कशी मोजली जातात यावर ठरतं. उमेदवार तेच, मतदार तेच, मोजायची रीत बदलली की निवडून येणारा माणूसही बदलू शकतो. हे समजून घ्यायला अमेरिका चांगली, कारण तिथले आकडे स्वच्छ आहेत. हातकणंगले त्याहून चांगलं, कारण तिथली माणसं आपल्या ओळखीची आहेत.

देशभरात जास्त मतं मिळूनही हार

अमेरिकेचा मतदार मत ट्रम्प किंवा हॅरिस यांच्या नावापुढे देतो, पण प्रत्यक्षात तो आपल्या राज्यातले निर्वाचक, म्हणजे अध्यक्षासाठी शेवटचं मत देणारे प्रतिनिधी, निवडत असतो. देशभरात असे 538 निर्वाचक. प्रत्येक राज्याला त्याच्या लोकप्रतिनिधींइतके आणि वर सिनेटचे दोन. कॅलिफोर्नियाला 54, वायोमिंगला फक्त 3. राजधानी वॉशिंग्टनला 3. ज्याला 270 मिळाले तो अध्यक्ष. 48 राज्यांत नियम असा की, राज्यात जो पहिला आला त्याला तिथले सगळेच्या सगळे निर्वाचक. एका मतानं पहिला आला काय आणि चाळीस लाखांनी आला काय, हिशेब तोच. मेन आणि नेब्रास्का या दोनच राज्यांत काही निर्वाचक मतदारसंघांनुसार वाटले जातात.

शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघणाऱ्याला हे लगेच कळेल. एखाद्या संघानं पहिला सामना 6-0 नं मारला आणि पुढचे दोन 0-1 नं घालवले, तर त्याचे गोल सहा आणि खाल्लेले दोन, पण स्पर्धेत तो मागेच पडणार. गुण सामन्याला मिळतात.

2016 मध्ये असंच झालं. हिलरी क्लिंटन यांना देशभरात ट्रम्प यांच्यापेक्षा 28 लाखांहून जास्त मतं होती. पण मिशिगन 10,704 मतांनी गेलं, विस्कॉन्सिन 22,748 नी आणि पेनसिल्व्हेनिया 44,292 नी. तिन्ही मिळून फरक 78 हजारांच्या आत. तेवढ्यावर अध्यक्ष ठरला. त्या तिन्ही राज्यांत जिल स्टाइन यांची मतं त्या-त्या राज्यातल्या फरकापेक्षा जास्त होती: मिशिगनात 51,463, विस्कॉन्सिनात 31,072, पेनसिल्व्हेनियात 49,941. लिबर्टेरियन पक्षाचे गॅरी जॉन्सन यांना तर याहून कितीतरी जास्त मतं पडली होती, आणि त्यांचे मतदार बरेचसे रिपब्लिकन वळणाचे. स्टाइन यांच्यावर खापर फोडणारे लोक जॉन्सन यांचं नाव सहसा घेत नाहीत. हिशेब मांडायचा तर दोन्ही बाजूंनी मांडायला हवा.

या रचनेमुळे मतदार कुठं राहतो यावर त्याच्या मताचं वजन ठरतं. कॅलिफोर्निया 1992 पासून दर वेळी डेमोक्रॅट उमेदवाराकडे गेलं आहे. वायोमिंगनं 1964 नंतर एकदाही रिपब्लिकन सोडलेला नाही. तिथल्या मतदारानं तिसऱ्याला मत दिलं तर निकालाला धक्काही लागत नाही. 2024 मध्ये सगळी धावपळ सात राज्यांत एकवटली: पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, अॅरिझोना, नेवाडा. सातही ट्रम्प यांच्याकडे गेली आणि निकाल 312 विरुद्ध 226 लागला. त्या वेळी मिशिगनमधला फरक सुमारे 80 हजारांचा होता आणि स्टाइन यांची मतं 45 हजारांच्या आत. म्हणजे ती सगळीच्या सगळी हॅरिस यांना मिळाली असती तरी राज्य हातातून गेलंच असतं. तरीही प्रचारभर स्टाइन यांच्या नावानं बोटं मोडणं चालूच होतं.

नातेवाईक तिकडे असलेल्यांसाठी एक गोष्ट सांगतो, कारण ती हमखास विचारली जाते. ग्रीन कार्ड असलं तरी अध्यक्षपदासाठी मत देता येत नाही. त्यासाठी अमेरिकेचं नागरिकत्वच लागतं, आणि ते घेतलं की भारताचं नागरिकत्व जातं, म्हणजे इथलं मतही गेलं.

फ्लोरिडा, 2000: 537 मतं

तिसऱ्या उमेदवाराच्या वादात ज्याचं नाव कायम निघतं तो माणूस म्हणजे राल्फ नेडर. ग्राहकांच्या हक्कांसाठी आयुष्य घालवलेला वकील, मोटार कंपन्यांना सुरक्षेचे नियम पाळायला भाग पाडणारा. 2000 मध्ये तो ग्रीन पक्षाकडून उभा राहिला. समोर रिपब्लिकन जॉर्ज बुश आणि डेमोक्रॅट अल गोर. देशभरात गोर यांना बुश यांच्यापेक्षा 5 लाख 40 हजारांहून जास्त मतं मिळाली, पण सगळं अडलं फ्लोरिडावर. तिथं 25 निर्वाचक होते आणि ज्याला फ्लोरिडा त्याला अध्यक्षपद, अशी वेळ आली. फेरमोजणी, कोर्टकचेऱ्या, पाच आठवडे सगळं लटकलेलं. 12 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार न्यायमूर्तींच्या मतानं फेरमोजणी थांबवली. बुश 537 मतांनी पुढे होते. नेडर यांना त्या राज्यात पडली होती 97,488.

आता गणित करून बघू. समजा नेडर उभेच नाहीत. त्यांच्या मतदारांतले शंभरातले सत्तर जण घरीच बसले. उरले साधारण 29 हजार. त्यातले 51 टक्के गोर यांच्याकडे आणि 49 टक्के बुश यांच्याकडे गेले, एवढाच किंचित कल धरला, तरी गोर यांना जवळपास 585 मतांची आघाडी मिळते आणि 537 चा फरक पुसला जातो. नेडर यांची भूमिका गोर यांच्या जास्त जवळची होती, तेव्हा कल याहून मोठाच असणार. त्यामुळे फ्लोरिडात नेडर यांच्या उमेदवारीनं निकाल फिरला, हे म्हणणं मला पटतं.

पण तेवढ्यानं फिरला, हे पटत नाही. त्याच फ्लोरिडात पाम बीच नावाच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, मतपत्रिका कशी होती ते बघा. समोरासमोर उघडलेली दोन पानं, दोन्ही पानांवर उमेदवारांची नावं आणि मधोमध भोकं पाडायच्या ठिपक्यांची एकच उभी रांग. डाव्या पानावर पहिलं नाव बुश, त्याखाली गोर. मतदाराचं डोकं सांगणार, गोर दुसरे म्हणजे दुसरा ठिपका. पण उजव्या पानावरचे रिफॉर्म पक्षाचे पॅट ब्युकॅनन उंचीनं या दोघांच्या मध्ये बसत होते, आणि दुसरा ठिपका त्यांचा होता. गोर यांचा तिसरा. नावं मोठ्या अक्षरांत बसावीत, म्हाताऱ्या माणसांना वाचता यावीत, या चांगल्या हेतूनं केलेली ही मांडणी. झालं असं की त्या एका काउंटीत ब्युकॅनन यांना 3,407 मतं पडली, आणि ती बहुतेक आपली नव्हेत असं ते स्वतःच म्हणाले. शिवाय 19 हजारांहून जास्त मतपत्रिका अध्यक्षपदासाठी एकापेक्षा जास्त भोकं पडल्यामुळे बाद झाल्या. चूक लक्षात आल्यावर बऱ्याच जणांनी दुसरं भोक पाडलं असणार.

537 मतांचा फरक असला की कारणं मोजावी तितकी थोडी. ब्युकॅनन यांचा ठिपका एक कारण, बाद मतपत्रिका दुसरं, गोर यांना स्वतःचं टेनेसी राज्यसुद्धा जिंकता आलं नाही हे तिसरं. टेनेसी मिळालं असतं तर फ्लोरिडाची गरजच नव्हती. तरी लोकांच्या लक्षात राहिले ते नेडर. हरलेल्या पक्षाला मतपत्रिकेच्या मांडणीवर राग काढता येत नाही. माणूस लागतो.

तोच उमेदवार, पाच वर्षांत दोन बाजूंना

हातकणंगल्याकडे परत येऊ, कारण इथं जे घडलं ते फ्लोरिडापेक्षाही शिकण्यासारखं आहे. हा मतदारसंघ म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यातले शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी, शिरोळ आणि सांगलीतले इस्लामपूर, शिराळा. राजू शेट्टी इथून 2009 आणि 2014 ला निवडून आले. 2019 ला माने यांनी त्यांचा 96,039 मतांनी पराभव केला. त्या निवडणुकीत वंचित बहुजन आघाडीच्या उमेदवाराला 1,23,419 मतं होती. तेव्हा शेट्टींचे लोक हळहळले होते: वंचितनं घात केला.

पाच वर्षांनी शेट्टी त्याच जागी उभे होते जिथं 2019 ला वंचितचा उमेदवार होता. मशाल चिन्हावर लढायला त्यांनी नकार दिला, स्वाभिमानीकडून स्वतंत्र लढले, आणि हळहळण्याची पाळी आघाडीवर आली. माणूस तोच, मतदारसंघ तोच. एकदा त्यांचीच मतं खाल्ल्याची तक्रार, एकदा त्यांनीच खाल्ल्याची.

मला यातून एवढंच दिसतं की दोष एखाद्या उमेदवारात शोधत बसलो तर दर पाच वर्षांनी नवा दोषी सापडत राहील. ऊसदरासाठी रस्त्यावर उतरणारा शेतकरी शेट्टींना मत देतो, तेव्हा तो दुसऱ्या कुणाच्या घरातलं काही चोरून नेत नाही. ते मत त्याचंच असतं. शेट्टी नसते तर ही पावणेदोन लाखांहून जास्त मतं कशी विभागली असती? 13,426 चा फरक पुसायला सगळ्यांनी मत दिलं असं धरलं, तरी साधारण 54 विरुद्ध 46 असा कल लागला असता. फ्लोरिडात एक्कावन्न-एकोणपन्नास पुरलं, इथं पुरलं नसतं. तसा कल होता की नव्हता, हे छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. आघाडीच्या सभेत ते गृहीत धरलं गेलं, एवढं खरं.

पण याच्या दुसऱ्या बाजूलाही बोललं पाहिजे. आपल्याकडे आणि अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत जो सर्वांत पुढे तो निवडून येतो. निम्म्याहून जास्त मतं लागत नाहीत. अशा रीतीत आपलं मत मोजणीत काय काम करणार, हे मतदाराला ठाऊक असायला हवं. मन मोकळं केल्याचं समाधान आणि निकालावरचा परिणाम या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तिसऱ्याला मत देणाऱ्याला शिव्या घालू नयेत, असं मला मनापासून वाटतं. आणि त्यानंही मत देण्याआधी हिशेब करावा, असंही तितकंच मनापासून वाटतं.

मतदार आतून कसा ठरवतो

प्रत्यक्षात मतदार हा हिशेब करतोच. कोल्हापूरकराला तर तो शिकवावा लागत नाही. 2019 ला ‘आमचं ठरलंय’ ही घोषणा इथं गाजली, ती कुणाला आणायचं यापेक्षा कुणाला पाडायचं याची होती. काँग्रेसच्या सतेज पाटील यांच्या गटानं आपल्याच आघाडीच्या धनंजय महाडिकांविरुद्ध शिवसेनेच्या संजय मंडलिकांमागं ताकद लावली. मतदारानं पक्षाचं चिन्ह बाजूला ठेवून पाडण्यासाठी मत दिलं. अमेरिकेतही 2020 ला बायडन यांना मत देणाऱ्या कितीतरी जणांना बायडन हवे होते त्यापेक्षा ट्रम्प नको होते. 2024 ला ट्रम्प यांच्या बाजूनं महागाईचा राग उभा राहिला आणि ज्यांना त्यांचं बोलणं आवडत नाही अशांनीही त्यांना मत दिलं. आवड आणि नावड यांतली नावडच जास्त वेळा माणसाला बूथपर्यंत नेते, असं माझं निरीक्षण आहे.

निषेधाचं मत हा वेगळा प्रकार. फेब्रुवारी 2024 मध्ये डेमोक्रॅट पक्षाच्या मिशिगनमधल्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, एक लाखाहून जास्त लोकांनी बायडन यांच्याऐवजी ‘कुणालाच बांधील नाही’ हा पर्याय निवडला. गाझामधल्या युद्धाबद्दलचा तो राग होता, आणि डिअरबॉर्नसारख्या अरब वस्तीच्या शहरात तो उघड दिसला. मला हा शहाणा निषेध वाटतो. प्राथमिक निवडणुकीत राग दाखवला तर पक्षाला वागणं बदलायला आठ महिने मिळतात. नोव्हेंबरात दाखवला तर निकाल लागून जातो. पक्षानं त्या आठ महिन्यांत पुरेसं ऐकलं का, हा पुढचा प्रश्न. डिअरबॉर्नचं उत्तर मतपेटीतून आलं: तिथं ट्रम्प पहिले आले.

आपल्याकडे असा राग नोटात जातो. 2013 पासून तो पर्याय आहे, पण लोकसभेला किंवा विधानसभेला नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तरी त्याच्याखालचा उमेदवार निवडून येतो. नेवाडा राज्यात 1976 पासून अगदी असाच पर्याय मतपत्रिकेवर आहे, आणि नियमही तोच.

2000 च्या निवडणुकीत काही अमेरिकन मतदारांनी तर एक वेगळीच शक्कल काढली. चुरशीच्या राज्यातला नेडरचा समर्थक आणि गोर हमखास पुढे असलेल्या किंवा हमखास मागे पडणाऱ्या राज्यातला गोरचा समर्थक इंटरनेटवर एकमेकांना गाठायचे. तू माझ्या वतीनं नेडरला दे, मी तुझ्या वतीनं गोरला देतो. नेडर यांची देशभरातली टक्केवारी कमी होत नाही आणि चुरशीच्या राज्यात गोर यांचं नुकसानही होत नाही. कॅलिफोर्नियाच्या अधिकाऱ्यांनी खटल्याची धमकी देऊन हा प्रकार थांबवला. पुढे 2007 मध्ये तिथल्या अपील न्यायालयानं निकाल दिला की अशी मतांची अदलाबदल हा अभिव्यक्तीच्या हक्कातला भाग आहे, पैसे देऊन मत विकत घेणं नव्हे. आपल्याकडचा ‘पैरा’ यापेक्षा फार लांब नाही: या वेळी मी तुला, पुढच्या वेळी तू मला. फरक इतकाच की इथं तो नेते ठरवतात आणि तिथं मतदारांनी आपापसांत ठरवला.

मग निवडून येणार नाही हे माहीत असूनही तिसरा उभा का राहतो? हट्ट म्हणून, असं उत्तर सोपं आहे आणि अपुरं आहे. अमेरिकेत एखाद्या पक्षाच्या उमेदवारानं देशभरात 5 टक्के मतं ओलांडली तर पुढच्या निवडणुकीत त्या पक्षाला सरकारी निधी मिळू शकतो. नेडर यांना हाच आकडा गाठायचा होता, ते 2.7 टक्क्यांवर अडकले. 1992 ला उद्योगपती रॉस पेरो यांनी जवळपास 19 टक्के मतं घेतली आणि निर्वाचक मिळाला शून्य, कारण एकाही राज्यात ते पहिले आले नाहीत. तरी सरकारी तूट आणि कर्जाचा विषय त्यांनी दोन्ही मोठ्या पक्षांच्या तोंडी आणला. त्यानंतर दूरदर्शनवरच्या वादसभांसाठी 15 टक्के पाठिंब्याची अट आली आणि पेरोंसारखं तिसऱ्या खुर्चीवर बसणं कुणाला जमलं नाही. आणि कधी कधी तिसरा जिंकतोही. 2009 ला कोल्हापूर लोकसभेत सदाशिवराव मंडलिक अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. ‘अपक्षाला मत म्हणजे वाया’ हे ज्यांनी तेव्हा ऐकलं नाही, तेच खरे ठरले.

मोजायच्या दुसऱ्या रिती

फ्रान्समध्ये अध्यक्षाला निम्म्याहून जास्त मतं लागतात. पहिल्या फेरीत कुणालाच मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी. ऐकायला रास्त वाटतं, पण 2002 मध्ये याच रीतीनं घोटाळा केला. 16 उमेदवार उभे होते, त्यांत डाव्या विचारांचेच बरेच. लोकांना वाटलं, पहिल्या फेरीत मनाजोगतं मत देऊ, दुसऱ्या फेरीत पंतप्रधान लिओनेल जोस्पां यांना निवडू. जोस्पां 16.18 टक्क्यांवर राहिले, अतिउजवे जाँ-मारी ल पेन 16.86 टक्के घेऊन पुढे गेले. दोघांत दोन लाखांपेक्षा कमी मतांचं अंतर, आणि जोस्पां यांच्याच सरकारात मंत्री राहिलेल्या एका नेत्यानं वेगळं उभं राहून पंधरा लाख मतं घेतलेली. दुसऱ्या फेरीत डाव्या मतदारांना उजव्या बाजूचे तेव्हाचे अध्यक्ष जाक शिराक यांना मत देण्यावाचून पर्याय उरला नाही. शिराक यांना 82 टक्के मतं मिळाली, ती त्यांच्या प्रेमापोटी नव्हती.

दुसरा उपाय म्हणजे पसंतीक्रम. एकाच मतपत्रिकेवर 1, 2, 3 लिहायचं. पहिल्या पसंतीत कुणी निम्म्याच्या पुढे गेलं नाही तर सर्वांत मागचा बाद, आणि त्याची मतं त्यावरच्या दुसऱ्या पसंतीला. आपले राष्ट्रपती असेच निवडले जातात. मत देतात खासदार आणि आमदार. महाराष्ट्राच्या आमदाराच्या मताचं मूल्य 175, मग तो करवीरचा असो की कागलचा. 2022 मध्ये खासदाराचं 700 होतं. मतदान गुप्त, पक्षादेश चालत नाही. म्हणूनच 2007 मध्ये भाजपच्या आघाडीत असूनही शिवसेनेनं प्रतिभाताई पाटील यांना, मराठी उमेदवार म्हणून, मत देण्याची भूमिका उघडपणे घेतली.

ही पसंतीक्रमाची मोजणी एकदाच पुरती पणाला लागली, 1969 मध्ये. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, इंदिरा गांधींचा कल व्ही. व्ही. गिरींकडे, आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख: रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे. पहिल्या पसंतीत गिरी 4,01,515, रेड्डी 3,13,548, देशमुख 1,12,769. निम्म्याचा टप्पा कुणीच ओलांडला नाही. मग देशमुखांच्या मतपत्रिकांवरची दुसरी पसंती बघितली गेली आणि ती मोठ्या प्रमाणात रेड्डींकडे गेली. शेवटचा आकडा: गिरी 4,20,077, रेड्डी 4,05,427. सुमारे 88 हजारांची दरी साडेचौदा हजारांवर आली. रेड्डी हरले, पण देशमुखांना मत देणारा कुणी आमदार ‘माझं मत वाया गेलं’ असं म्हणू शकत नव्हता. त्याचं पहिलं मतही मोजलं गेलं आणि दुसरंही.

2024 मध्ये श्रीलंकेत अनुरा कुमारा दिसानायके 42.3 टक्क्यांवर थांबल्यावर तिथंही पहिल्यांदाच दुसऱ्या पसंतीची मोजणी झाली, आणि पुढे असलेले दिसानायकेच राष्ट्राध्यक्ष झाले. अमेरिकेत मेन राज्यानं हा मार्ग धरला. तिथं 2010 ला एक गव्हर्नर (तिकडे राज्याचा हा प्रमुख लोक निवडतात) 38 टक्क्यांच्या आत मतं घेऊन निवडून आला होता, आणि बहुसंख्य लोकांना नको असलेला माणूस पुढची चार वर्षं खुर्चीवर बसला. 2016 मध्ये मतदारांनी कौल देऊन पसंतीक्रम आणला. 2018 ला तिथल्या अमेरिकी संसदेच्या एका मतदारसंघात पहिल्या पसंतीत सुमारे दोन हजारांनी मागे असलेला उमेदवार अपक्षांची दुसरी पसंती जोडल्यावर साडेतीन हजारांनी जिंकला. 2020 पासून मेनमध्ये अध्यक्षपदासाठीही पसंतीक्रम लिहिता येतो. तिथं स्टाइनना 1 आणि हॅरिसना 2 लिहिणाऱ्याला कुणी बोल लावू शकत नाही.

हा रामबाण नाही. बरेच मतदार एकच पसंती लिहितात, त्यांचा उमेदवार बाद झाला की त्यांची मतपत्रिका पुढच्या फेऱ्यांतून गळते. मोजणी लांबते. लोकांना ती पटवणंही सोपं नाही: नोव्हेंबर 2024 मध्ये ओरेगॉन, कोलोरॅडो, आयडाहो आणि नेवाडा या चार राज्यांच्या मतदारांनी पसंतीक्रमाचे प्रस्ताव फेटाळले, आणि अलास्कात असलेला पसंतीक्रम हजाराच्या आतल्या मतांनी कसाबसा टिकला. तरीही मला ही रीत सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण ती मतदाराला दोन्ही गोष्टी सांगू देते: मला कोण हवा, आणि तो नसेल तर कोण चालेल.

आपल्याकडे लोकसभेला किंवा विधानसभेला हे लगेच येईल असं दिसत नाही. पण कोल्हापूरच्या पदवीधरांना आणि शिक्षकांना ही रीत हाताशी आहे. विधान परिषदेच्या पुणे विभागातल्या या दोन जागांसाठी पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर जिल्ह्यांतले पदवीधर आणि शिक्षक पसंतीक्रमानंच मत देतात. डिसेंबर 2020 मध्ये पदवीधरमधून अरुण लाड आणि शिक्षकमधून जयंत आसगावकर असेच निवडून आले. यंत्र नसतं, लांबलचक छापील मतपत्रिका असते, आणि केंद्रावर दिलेल्या जांभळ्या पेननंच आकडे लिहायचे. 1 लिहिला नाही तर मत बाद. दोन नावांपुढे 1 लिहिला तरी बाद. ‘एक’ असं अक्षरात लिहिलं किंवा बरोबरची खूण केली तरी बाद. बाकीचे आकडे लिहिणं ऐच्छिक आहे, पण 2 आणि 3 लिहिले तर पहिला उमेदवार मागे पडल्यावरही मतपत्रिका मोजणीत राहते. त्यासाठी मतदार यादीत नाव मात्र वेगळं नोंदवावं लागतं, आणि प्रत्येक निवडणुकीआधी नव्यानं. लोकसभेच्या यादीतलं नाव इथं चालत नाही.